बारा उतारू

आमच्या खाडीवर पूल व्हायच्या आधी जो कोणी पलीकडे गेला, तो बाबलीच्या होडीतून गेला. मालवणहून येणारी एस्टी आमच्या काठापर्यंत यायची, तोंड वळवायची आणि आल्या वाटेनं परत जायची. रस्ता तिथेच संपायचा. त्या संपलेल्या रस्त्याच्या टोकाला माझं चहाचं दुकान होतं आणि दुकानाच्या खाली बाबलीची होडी लागायची. तेव्हा जे सांगतोय ते ऐकीव नाही, डोळ्यांदेखतचं आहे.

बाबली अंगानं दांडगा आणि तोंडानं गरीब. "नाही" म्हणणं त्याला जमत नसे. त्यात स्वभावाचा भाग थोडा आणि रीतीचा जास्त. काठावरच्या वाडीत तेरा घरं, त्यांतलं एक बाबलीचं. उरलेली बारा घरं सुगी झाली की त्याला भात घालायची आणि त्या घरांतल्या माणसांनी वर्षभर होडीत बसायचं. नाणी मोजायची ती परक्यांनी. ज्याचं भात खाल्लं त्याला काठावर उभं ठेवायचं नाही, ही रीत बाबलीच्या आज्यापासून चालत आलेली. मी त्या वाडीतला नव्हे, दुकानापुरता आलेला माणूस, म्हणून मला ती रीत थोडी बाहेरून दिसायची. बाबली तिच्या आतच जन्मला होता.

होडीवर दोघं असायची. मागे वल्ह्यावर बाबली आणि पुढच्या टोकाला लांब काठी घेऊन त्याची बायको पार्वती. खाडीत जागोजाग वाळू साठलेली. ती काठी टेकून होडी बाजूला काढायची, काठ आला की लुगडं खोचून चिखलात उडी मारायची आणि दोर धरायची. रिकामा वेळ मिळाला की उथळ पाण्यात वाळूतले खुबे, खायचे शिंपले, काढायला जायची. तोंडानं अशी फटकळ की नवऱ्याला न जमणारं "नाही" तिच्याकडे दोघांना पुरून उरेल एवढं होतं. तिच्या एका नजरेनं उतारू गप बसायचे.

गप बसायचे म्हणजे दोन मिनिटं. आमच्या होडीत बसून आपलं मत न सांगता पलीकडे पोचलेला माणूस मी पाहिला नाही. सरकार असो की एस्टी, देवीची लस असो की रेडिओ, प्रत्येकाचा निकाल खाडीच्या मध्यावर लागायचा. वाडीचे मानकरी दाजी गावकर दारूबंदीवर बोलायला लागले की पलीकडचा काठ येईपर्यंत थांबत नसत.

"सरकारान दारू बंद केल्यान, बरा झाला," ते म्हणायचे. "आता पौषातली थंडी पण बंद करूक सांगा, म्हणजे झाला!"

पलीकडच्या बंदरावरचा रफीक काथ्याचा व्यापारी. त्याचा सगळा जीव पुलात. "पूल झालो काय माझो ट्रक सरळ मालवणाक जातलो," तो म्हणायचा. "मगे ह्या होडयेत कोण बसता?"

"मगे येव नकात," पार्वती पुढच्या टोकावरून म्हणायची. "पण पूल मोडलो तर आमका साद घालू नकात."

मीही काही कमी नव्हतो. दुकानात रेडिओ आणला तेव्हा पोस्टात जाऊन त्याचा परवाना काढावा लागला. हवेतून येणारं गाणं ऐकायला सरकारची परवानगी कशाला, यावर मी भेटेल त्याला व्याख्यान द्यायचो. बाबली तेवढा कधी काही बोलायचा नाही. त्याला विचारलं तर म्हणायचा, "माका काय कळता? माका पाणी कळता." पाणीही त्याला पार्वतीपेक्षा कमीच कळायचं, हे तो स्वतःच सांगे.

मग एका साली दुसऱ्या एका खाडीत वऱ्हाडाची होडी बुडाली. माणसं गेली. पेपरात आलं, वर ओरड झाली आणि सरकार जागं झालं. एक दिवस कचेरीचा माणूस आणि त्याच्याबरोबर रंगवाला असे दोघे आमच्या काठावर उतरले. त्यांनी होडीच्या अंगावर पांढऱ्या रंगात लिहिलं, "१२ उतारू". बाराच्या वर एक माणूस घेतला तर दंड, पुन्हा घेतला तर परवाना रद्द आणि होडी जप्त. बाबलीनं मान हलवली. सगळी वाडी तो आकडा बघायला जमली.

"होडयेक टिळो लावल्यानी," कोणीतरी म्हणालं.

"बारा म्हणजे बाप्ये बारा," दाजींनी कायद्याचा अर्थ लावला. "बायलांचा आणि पोरांचा वजन तां किती?"

"आणि नायतरी, देव तारी त्याला कोण मारी!" असं म्हणून तिसऱ्यानं बाबलीच्या खांद्यावर थाप मारली. सगळे हसले, बाबलीही हसला.

मला मात्र हसू आलं नाही. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे, की आकडा बरोबर होता. बाजाराच्या दिवशी त्या होडीत मी वीस-वीस माणसं बघितली होती, वर टोपल्या आणि कोंबड्या वेगळ्या. पाणी होडीच्या काठापासून जेमतेम वीतभर खाली. मी हे मोठ्यानं बोललो, म्हणून वाडीतल्या दोघांनी माझ्याकडचा चहा बंद केला. कायदा चांगला असूनही त्यात एखादा माणूस चिरडतो, हे मला पुढे कळायचं होतं.

कुडाळच्या बाजाराच्या दिवशी बाबली पकडला गेला. कचेरीचा माणूस पलीकडच्या काठावर उभाच होता. डोकी मोजली, दंड केला आणि सांगितलं, पुढच्या वेळी होडी राहणार नाही. त्या दिवसापासून बाबलीची झोप उडाली. त्याला जमिनीचा तुकडा नव्हता. परवाना गेला की होडी गेली, होडी गेली की बारा घरांचं भात गेलं, आणि भात गेलं की या वाडीत त्याचं राहायचं कारणच गेलं. म्हणून तो मोजायला लागला. माणसं चढताना ओठ हलवत मोजायचा, बारावा चढला की हात आडवा करायचा आणि लाजेनं तोंड दुसरीकडे फिरवायचा.

"भात आमचा खातंस आणि मोजतंस पण आमकाच?" दाजी एकदा सगळ्यांसमोर म्हणाले.

पार्वती म्हणाली, "दाजीनू, पुढच्या खेपेक या. होडी खंय पळान जाता?" तिनं असं म्हटलं की काम व्हायचं. रोजचे दिवस असे तिच्या तोंडावर निभावून जात होते. पण रात्री तो माझ्या दुकानाच्या फळीवर येऊन बसायचा, चहा समोर निवून जायचा. "काशीरामानू," म्हणायचा, "हयसून सरकार, थयसून वाडी. मी जाव खंय?" इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते मी त्याच्या तोंडावर बघितलं. अंगानं दांडगा तो माणूस काही महिन्यांत सुकून गेला.

त्यातच पुलाचं काम आलं. खाडीत खुंट ठोकले गेले, ठेकेदाराची माणसं आली, आणि काँक्रीटसाठी आमच्याच खाडीतली वाळू उपसायला लागली. जिथे बायका खुबे काढायच्या तिथे पाटी लागली, "धोका. आत येण्यास मनाई." पार्वती त्या पाटीवरून मुकादमाशी कडाक्यानं भांडली.

"आमच्या खाडयेत आमकाच मनाई?"

"बाई, तुमच्या जिवासाठीच आहे," मुकादम म्हणाला. तो काही वाईट माणूस नव्हता. पण त्या दिवसापासून बायकांचं त्या उथळ भागात जाणं थांबलं. वाळू कुठली गेली, खड्डे कुठे पडले, ते ठेकेदाराच्या माणसांखेरीज कोणाला ठाऊक राहिलं नाही. त्यांनी खुणेची एक काठीसुद्धा रोवली नाही. त्यांना वाटलं पाटी आहे.

आता जत्रेचं सांगतो. देवीचं देऊळ पलीकडच्या काठावर. जत्रेच्या दिवशी आमच्या वाडीच्या तेरा घरांचे तेरा नारळ देवीसमोर एका ओळीत मांडायचे आणि गावकरानं सगळ्यांच्या वतीनं देवीकडे मागणं मागत एकदाच गाऱ्हाणं घालायचं. प्रत्येक घरातून एक माणूस, हातात आपल्या घरचा नारळ, आणि सगळी एकाच होडीतून. पूर्वज एका होडीतून या काठाला लागले म्हणून जायचंही एका होडीतून, असं म्हणत. दोन खेपा केल्या तर नारळ मागेपुढे होतात आणि मान मोडतो. बाबली वल्ह्यावर, म्हणून त्याच्या घरचा नारळ नेहमी पार्वती न्यायची, पुढच्या टोकाशी परडीत ठेवून.

बारा घरं आणि तेरावं बाबलीचं. आकडा होडीवर लिहिल्यापासूनची ती पहिली जत्रा.

दुपार उतरायला लागली होती, ओहोटी लागली होती. जत्रेची गर्दी म्हणून कचेरीनं त्या दिवशी दोन्ही काठांवर माणूस उभा केला होता. आमच्या काठावरचा, त्या दिवसापुरता आलेला कारकून माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून होडीकडे बघत होता. बारा घरांची बारा माणसं धुतलेल्या कपड्यांत, नारळ मांडीवर घेऊन बसली. पार्वती परडी घेऊन पुढे चढली. हिरवं लुगडं, केसांत अबोली. काठी तिनं उचललीसुद्धा होती.

कारकून दोन पायऱ्या खाली उतरला. "तेरा होतात," तो म्हणाला. ओरडून नाही, साधेपणानं. "एकाला उतरवा. नाहीतर मला लिहावं लागेल."

बाबलीनं होडीभर नजर फिरवली. "कोणी तरी एक जण उतरा रे," तो म्हणाला. "तो बगता हा."

कोणी हललं नाही.

"माझ्या नारळाशिवाय गाऱ्हाणा सुरू तरी होतला काय?" दाजी म्हणाले. त्यांचं खरंच होतं, गाऱ्हाणं तेच घालायचे. त्यांच्या शेजारच्याचा नवस होता. त्याच्या शेजारचीच्या घरी नवी सून आली होती. एकेकाकडे कारण होतं आणि एकही कारण खोटं नव्हतं. आणि प्रत्येकाच्या घरचं भात बाबलीच्या कणगीत होतं. "तू उतर" असं ज्याला म्हणता येईल असं त्या होडीत एकच घर होतं, ज्यानं भात घातलं नव्हतं. ते त्याचं स्वतःचं.

त्यानं पुढे बघितलं. तो काही बोलायच्या आधीच ती उठली होती.

"मी चलत जातंय," पार्वती म्हणाली. "सुकती आसा. पाणी कमरेच्या वर येवचा नाय. तुमच्या आधी पोचतंय बगा."

"सांबाळून जा गो."

"तू होडी सांबाळ. पुढे कोण नाय तुझ्या."

तिनं काठी आत आडवी ठेवली, परडी डोक्यावर घेतली आणि उतरली. कारकून माझ्याकडे वळून म्हणाला, "असा नियम पाळला ना, तर कशाला कोण बुडेल?" मी मान डोलावली. मला ते पटलं होतं.

होडी निघाली. पार्वती खालच्या अंगानं, पाटी आणि खुंट टाळून, तिच्या जुन्या ओळखीच्या वाटेनं पाण्यात शिरली. पाटी जिथे आहे तिथे धोका, म्हणजे जिथे नाही तिथे नाही, असं तिनं धरलं असणार. कोणीही धरलं असतं. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं. दोन्ही हात वर, परडी धरलेली. मी गिऱ्हाईकाला चहा दिला आणि परत बघितलं, तर परडी पाण्यावर होती आणि खाली कोणी नव्हतं.

मी ओरडलो. किती मोठ्यानं ते मला आठवत नाही, पण होडीतले सगळे वळले. ती एकदा वर आली, हात दिसला, परत गेली. खुब्यांसाठी जन्मभर पाण्यात उभी राहिलेली ती बाई, पण पोहणं तिला येत नव्हतं. आमच्याकडच्या बायकांना कोण शिकवतो पोहायला?

बाबली होडीच्या काठावर चढला होता, उडी टाकायला. बाराच्या बारा माणसं किंचाळली, "होडी सोडू नको!" दाजींनी त्याचं धोतर धरलं. मी दाजींना खूप शिव्या दिल्यात, पण इथे देत नाही. ओहोटीच्या ओढीत वल्ह्यावर माणूस नसलेली होडी सरळ समुद्राच्या तोंडाकडे जाते आणि तिथे उलटते. बारा जीव त्याच्या हातात होते. तो काठावरून उतरला आणि होडी वळवायला लागला. पुढे काठी टेकायला कोणी नव्हतं. होडी आडवी झाली, वाळूवर अडकली, सुटली, परत अडकली. त्याचं ओरडणं मला काठावर ऐकू येत होतं. तो तिचं नाव घेत नव्हता, नुसता ओरडत होता. ती पाण्यातली जागा आणि होडी, यांच्यात फार अंतर नव्हतं.

ती संध्याकाळी खालच्या अंगाला कोळ्यांच्या जाळ्याशी मिळाली. त्या वर्षी गाऱ्हाणं झालं नाही.

मग सगळ्यांनी आपापली मतं सांगितली. दाजी म्हणाले, हा सरकारचा आकडा तिला लागला. रफीक पुलासाठी एवढा झुरणारा माणूस, पण तोही म्हणाला, खड्डा खणणाऱ्यानं खूण ठेवायला हवी होती, त्याला तुरुंगात घाला. ठेकेदार म्हणाला, पाटी लावली होती. बायका म्हणाल्या, बायकोला उतरवणारा तो कसला घोव. कचेरी म्हणाली, होडी तर बुडाली नाही ना. सगळ्यांचं थोडंथोडं खरं होतं. होडीत बसून राहिलेल्या बारा जणांबद्दल मात्र वाडीत कोणी चकार शब्द काढला नाही. मला त्या दिवसांत माणसांचा इतका राग यायचा की रेडिओ लावून मी पाठ करून बसायचो.

सुतक फिटल्यावर बाबली परत वल्ह्यावर उभा राहिला, कारण काठावर माणसं उभी होती आणि त्यांचं भात त्यानं खाल्लं होतं.

पुढे चौकशीला वरचे साहेब आले. पिकलेल्या केसांचे, शांत गृहस्थ. कचेरीत न बोलावता ते आपण होऊन काठावर आले आणि माझ्याच बाकावर बसले. बाबली समोर उभा राहिला. साहेबांसमोर म्हणून तो आपली भाषा सोडून पुस्तकी बोलायला लागला, शब्द शोधत शोधत.

"साहेब, मला शिक्षा द्या. मी तिला उतरवली."

"शिक्षा कशाची?" साहेब म्हणाले. "तुम्ही नियम पाळलात. तुमच्यावर ठपका नाही, मी तसंच लिहिणार आहे. परवाना तुमच्याकडेच राहील."

"नको साहेब. काहीतरी द्या."

साहेबांनी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. मग विषय हलका करायला म्हणून असेल, साहेब होडीकडे बघत म्हणाले, "एवढी लांब होडी. एकटे चालवता? पुढे काठीला कोण असतं?"

"तीच असायची."

"रोज?"

"रोज. लग्न झाल्यापासून."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मग त्या उतारू नव्हत्या," ते म्हणाले. "खलाशी होत्या. आकडा उतारूंचा आहे, खलाशी त्यात धरत नाहीत. त्या बसल्या असत्या तरी बाराच झाले असते. तुम्ही तेवढं सांगायला हवं होतंत."

माणूस दुष्ट नव्हता. बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांनाही कळलं असावं, कारण चहा अर्धा टाकून ते उठले आणि गाडीत जाऊन बसले. बाबलीनं बाकाचा कोपरा धरला होता. कारकुनाला ते ठाऊक नव्हतं, दाजींना नव्हतं, पेपर वाचून कायद्यावर व्याख्यानं देणाऱ्या मला नव्हतं. डोक्यावर नारळाची परडी, केसांत अबोली, तिला खलाशी कोण म्हणणार? मी त्याला तेच सांगायला गेलो. म्हटलं, "बाबल्या, अरे आपल्याला कोणाला ठाऊक होतं?"

"तुमका ठावक नव्हता," तो म्हणाला. "कायदो माकाय ठावक नव्हतो. पण ती काय करी ता माका ठावक होता, काशीरामानू. तिच्या काठयेर माझी होडी चलली. तो मेलो कारकून तेरा म्हणालो तेव्हा एक शब्द बोलूक व्हयो होतो, ही माझ्या कामाची म्हणान. माझ्या तोंडात नाय इलो. मी तिका बायलच समाजलंय."

तो रडला नाही. रडला असता तर मला बरं वाटलं असतं.

पलीकडच्या काठावरून कोणीतरी लांब साद घातली. बाजारची माणसं टोपल्या घेऊन उभी होती. तो खाली गेला, दोर सोडला आणि होडी पाण्यात लोटली. पुढे कोणी नव्हतं, म्हणून वाळू आली की त्याला वल्हं टाकून पुढच्या टोकाला पळावं लागे, काठी टेकावी लागे, आणि होडी फिरायच्या आत परत मागे यावं लागे. पलीकडे पोचेपर्यंत तो असाच त्या होडीत या टोकाकडून त्या टोकाकडे धावत राहिला.